घराबाहेर न जाणाऱ्या मांजराला लस द्यायची का?

साळुंकी | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मांजरांवरचे इथले जुने धागे चाळले, पण मला हवं ते नेमकं सापडलं नाही म्हणून नवा काढते आहे.

आमच्याकडे (ठाणे, चौथा मजला) गेल्या महिन्यात चिंगी गेली. साडेतीन महिन्यांची होती. सोसायटीच्या मीटर रूममध्ये सापडलेली, लेकीनं बाटलीनं पाजून वाढवलेली. एका शनिवारी संध्याकाळी जेवली नाही. रविवारी पिवळं फेसाळ ओकली आणि मग पाण्याच्या वाटीवर मान टाकून नुसती बसून राहिली. तहान लागलेली दिसत होती, पण जीभ वाटीला लागत नव्हती. सोमवारी डॉक्टरांनी रक्त तपासलं, पांढऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. पॅनल्यूकोपेनिया म्हणाले, मांजरांचा विषाणूचा आजार. सलाईन लावलं, उलटीचं इंजेक्शन दिलं. बुधवारी पहाटे गेली.

लस दिलेली नव्हती. दोनदा ठरवलं आणि दोनदा पुढं ढकललं, कारण ती दाराबाहेर कधी गेलीच नव्हती. हे लिहिताना अजूनही हात थांबतो.

आता घरात गुंड्या आहे, चार वर्षांचा बोका. त्याला लहानपणी एकच इंजेक्शन झालं होतं, पुढचं राहिलं ते राहिलंच. सासूबाई म्हणतात, घरातल्या मांजराला कशाला सुया टोचायच्या. डॉक्टर म्हणतात, या आठवड्यात घेऊन या. तुम्ही कोणत्या लसी देता, दरवर्षी देता का आणि बाहेर न जाणाऱ्या मांजरालाही त्या खरंच लागतात का? अनुभव लिहा, प्लीज.

नीलपंख | सोमवार, रात्री १०:२०

चिंगीबद्दल वाचून फार वाईट वाटलं. लेकीला जवळ घ्या. आमच्या दोघी मांजरींना ट्रायकॅट (तीन रोगांवरची एकत्र लस) आणि रेबीज दोन्ही दिलंय.

कातळशिल्पी | सोमवार, रात्री १०:४८

साळुंकीताई, तुमचं दुःख समजू शकतो, पण माझं मत वेगळं आहे. आमच्या राजापूरच्या घरी माझ्या आजोबांपासून मांजरं आहेत. माळ्यावर वितात, पिल्लं सात घरी फिरवून आणतात, उंदीर मारतात, मासळीच्या दिवशी आईच्या पायात घोटाळतात. कुणाला कधी एक सुई टोचली नाही. आणि घर कधी मांजराविना राहिलं नाही. शहरातल्या मांजरांना आपणच नाजूक करून ठेवलंय असं मला वाटतं. उंच इमारतीत चौथ्या मजल्यावर रोग येणार कुठून?

शेंगदाणा | सोमवार, रात्री ११:०५

कातळदादांशी निम्मा सहमत. कोल्हापुरात आमच्या गल्लीतली मांजरंबी अशीच दणकट हायत. पण माझी सोनी माझ्या उशीवर झोपते, तिच्यासाठी मी पैसे मोजतो. तिन्ही डोस आणि रेबीज झालंय.

फोटो कुठंय गुंड्याचा? फोटोशिवाय मांजराचा धागा धरत नाहीत इथं :)

खुरपावलं | मंगळवार, सकाळी ७:३०

मी पशुवैद्यक आहे, सातारा भागात. आमच्याकडे गाई-म्हशी जास्त, पण गेल्या काही वर्षांत टेबलावर मांजरंही बरीच येऊ लागलीत. रोग येणार कुठून, हा प्रश्न बरोबर आहे. उत्तर चपलांच्या स्टँडवर आहे.

पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू पार्व्हो घराण्यातला. कुत्र्यांचा पार्व्हो १९७८च्या सुमारास जगभर पसरला, तो याचाच धाकटा भाऊबंद. आजारी मांजराच्या विष्ठेतून हा बाहेर पडतो आणि मातीत, फरशीच्या फटीत, गोणपाटात महिनोन्‌महिने, सावलीत आणि गारव्यात वर्षभरही टिकतो. मांजरानं मांजराला भेटायची गरज नाही. जिन्याखाली एक आजारी पिल्लू होतं, तिथून तुमची चप्पल गेली, एवढं पुरतं. मीटर रूममधून आणलेल्या पिल्लाला तर तिथेच लागण झालेली असू शकते, पण ही साडेतीन महिन्यांची होती आणि लागणीपासून लक्षणांपर्यंत साधारण दोन ते दहा दिवस जातात. म्हणजे तिला तो घरातच भेटला.

शरीरात ज्या पेशी भराभर वाढतात त्यांवर हा हल्ला करतो: आतड्याचं अस्तर आणि हाडांतला मगज. म्हणून उलट्या-जुलाब आणि म्हणूनच पांढऱ्या पेशींची अशी दशा. उपचार न मिळालेली पिल्लं दहातली नऊपर्यंत जातात. उपचार म्हणजे सलाईन, उलटी थांबवणं, दुसरा जंतुसंसर्ग होऊ न देणं. विषाणूला मारणारं नेहमीचं औषध आपल्या हाती नाही. साळुंकीताई, तुम्ही सोमवारी नेलंत, तपासणी केलीत, सलाईन लावलंत. त्या टप्प्यावर मीही एवढंच केलं असतं.

आणि याविरुद्धची लस ही मांजरांच्या लसींतली सगळ्यांत भरवशाची. डोस वेळेवर पुरे झालेलं मांजर मी पॅनल्यूकोपेनियानं गेलेलं पाहिलेलं नाही.

साळुंकी | मंगळवार, सकाळी ९:०२

डॉक्टर, चपलांचं वाचून पोटात खड्डा पडला. आमचा चपलांचा स्टँड दाराच्या आत आहे आणि चिंगीला नाड्या चावायला आवडायचं.

मिटमिटडोळे | मंगळवार, दुपारी १२:१५

ट्रायकॅटमध्ये नेमकं काय काय येतं? आमच्या कार्डावर नुसतं स्टिकर आहे.

खुरपावलं | मंगळवार, दुपारी १:४०

तीन विषाणू. एक पॅनल्यूकोपेनिया. दुसरा हर्पिस, म्हणजे शिंका, डोळ्यांतून चिकट पाणी. तिसरा कॅलिसी, यात जिभेवर फोड येतात आणि मांजर वासानं भुकेजतं पण घास उचलत नाही. शेवटच्या दोघांना लोक कॅट फ्लू म्हणतात. त्यांच्याबाबत प्रामाणिकपणे सांगतो, लस रोग पूर्ण अडवेलच असं नाही. कॅलिसीचे प्रकार पुष्कळ आहेत आणि हर्पिस एकदा शरीरात शिरला की जन्मभर मुक्काम ठोकतो. पण लस घेतलेलं मांजर चार दिवस शिंकून उठतं, न घेतलेलं पिल्लू डोळा गमावू शकतं.

पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात, मग दर तीन-चार आठवड्यांनी, शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर. हा शेवटचा डोस लोक सर्रास चुकवतात. आईच्या चिकातून पिल्लाला जे संरक्षण मिळतं तेच लसीलाही निष्प्रभ करतं. ते कुणाचं आठ आठवड्यांत ओसरतं, कुणाचं सोळापर्यंत टिकतं. बाहेरून कळत नाही. म्हणून डोस लागोपाठ द्यायचे, की त्यातला एक तरी नेमका बसावा. त्यानंतर सहा महिन्यांच्या सुमारास किंवा वर्षानं बूस्टर. रेबीज बारा आठवड्यांनंतर.

गुंड्यासारख्या मोठ्या मांजराला, जुनी नोंद अपुरी असेल तर, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस.

अंगणवेल | मंगळवार, दुपारी ३:२५

मी परळला राहते, बैलघोडा हॉस्पिटलपासून चालत जाण्याच्या अंतरावर. गेली अकरा वर्षं आमच्या चाळीच्या मागच्या मांजरांना खायला घालते. कातळशिल्पी, तुमच्या प्रतिसादाला मनापासून उत्तर देते, राग मानू नका.

पावसाळ्याच्या आधी पिल्लं होतात. सुरुवातीच्या वर्षी मी त्यांना नावं ठेवली. सात पिल्लं होती दोन माद्यांची. जुलैच्या एका आठवड्यात पाच गेली. सगळी तशीच, चिंगीसारखी, पाण्यापाशी बसून. पुढच्या वर्षी पुन्हा पिल्लं झाली, चाळीतले लोक म्हणाले, बघा, मांजरं काही कमी होत नाहीत. कमी होत नव्हतीच, कारण माद्या वर्षातून दोन-दोन, तीन-तीनदा वीत होत्या. पण मी नावं ठेवली होती म्हणून मला माहीत होतं की ही ती नव्हेत.

आता आम्ही नसबंदीला पकडतो तेव्हाच तिथं रेबीज आणि ट्रायकॅट देऊन घेतो. कानाचं टोक कापलेलं असतं, त्यावरून कळतं. पुन्हा त्या मांजरांना पकडता येत नाही, म्हणजे कित्येकींना एकच डोस मिळतो. तरी फरक आहे. आमच्या मागच्या अंगणात आता नऊ मांजरं आहेत, सगळी मोठी, सगळ्यांची नावं मला पाठ.

कातळशिल्पी | मंगळवार, दुपारी ४:१०

अंगणवेल, राग कसला. विचार करतोय.

वैनगंगा | मंगळवार, संध्याकाळी ६:३५

थोडं अवांतर, पण मांजरवाल्यांनी वाचावं म्हणून लिहिते. मी नागपूरची. २०२४च्या डिसेंबरात इथं गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, तपासणीत बर्ड फ्लू निघाला. मांजरकुळाला तो फार जोरात धरतो. घरच्या मांजरासाठी त्याची लस आपल्याकडे मिळत नाही. करण्यासारखं एवढंच की कच्चं चिकन, कच्ची आतडी-पोटा देणं बंद. आमच्या इथं चिकनवाल्याकडून मांजरासाठी कच्चं कातण आणायची पद्धतच होती, माझ्या माहेरीही. आता शिजवून देते. बबडी आठ दिवस रुसली होती, मग खायला लागली.

शेंगदाणा | मंगळवार, संध्याकाळी ७:१२

वैनगंगाताई, हे माहीत नव्हतं. सोनीला आजपासून उकडून.

मिटमिटडोळे | मंगळवार, रात्री ९:५०

मला एक भीती विचारायची आहे. लसीच्या जागी मांजरांना कॅन्सरची गाठ होते असं वाचलं. त्यामुळे मी दोन वर्षं बूस्टर दिला नाही. माझी कुक्कू नऊ वर्षांची आहे, तिच्या बाबतीत चूक करायची नाहीये, म्हणून विचारते. कृपया हसू नका.

खुरपावलं | बुधवार, सकाळी ७:४५

हसण्यासारखं काहीच नाही, हे खरं आहे. इंजेक्शनच्या जागी होणारा सार्कोमा अमेरिकेत १९९१ साली प्रथम नोंदला गेला. दुर्मिळ आहे, दहा हजार मांजरांमागे एखादं-दुसरं, असा अंदाज दिला जातो. पण झाला तर वाईट असतो. म्हणून जगभरच्या पशुवैद्यकांनी दोन गोष्टी बदलल्या. पूर्वी दोन खांद्यांच्या मध्ये टोचायचे, आता शक्यतो पायात खालच्या बाजूला किंवा शेपटीत टोचायचा सल्ला आहे, म्हणजे गाठ झालीच तर तो भाग काढून जीव वाचवता येतो. आणि गरजेपेक्षा जास्त वेळा टोचायचं नाही.

लस दिल्यावर बारीक गाठ येणं नेहमीचं, ती विरते. तीन महिन्यांनंतरही राहिली, दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली किंवा एक महिन्यानंतरही वाढतच असली, यातलं काहीही एक दिसलं तर तुकडा काढून तपासायचा. कुक्कूला कुठल्या पायात टोचलं ते कार्डावर लिहून घ्या.

बूस्टरचं म्हणाल तर घरातच राहणाऱ्या, पहिले डोस नीट झालेल्या मांजराला ट्रायकॅट तीन वर्षांनी दिला तरी चालतो, असं जागतिक मार्गदर्शक तत्त्वंच सांगतात. बाहेर जाणारं, बोर्डिंगमध्ये राहणारं मांजर असेल तर फ्लूसाठी दरवर्षी. आमच्यातले बरेच जण सरसकट दरवर्षी देतात. मी मालकाला विचारून ठरवतो. रेबीज मात्र मी दरवर्षी देतो आणि त्यात घासाघीस करत नाही.

मिटमिटडोळे | बुधवार, सकाळी ८:२०

डॉक्टर, दोन वर्षांची धास्ती उतरली. शनिवारी नेते.

जुनीवही | बुधवार, सकाळी ११:००

रेबीजचा विषय निघाला म्हणून लिहितो. वय वर्षे एकाहत्तर. १९६४ साली, मी शाळेत असताना, आमच्याच घरच्या मांजरीनं मला मनगटावर चावलं. ती दोन दिवस विचित्र वागत होती, अंधारात लपायची, हात लावला की अंगावर यायची. चौथ्या दिवशी मेली. आजीनं जखमेवर हळद-चुना बांधला होता. वडिलांनी तो काढून टाकला, साबणानं धुतलं आणि मला तालुक्याला नेलं. पोटात चौदा इंजेक्शनं, रोज एक. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस होती. शेवटी शेवटी पोटावर जागा उरायची नाही. वडील रोज सायकलवर डबलसीट न्यायचे आणि परतताना एक पेरू घेऊन द्यायचे.

मांजर कुठं पिसाळतं, असं लोक आजही म्हणतात. पिसाळतं. ती लस आता बंद झाली, नव्या लसी दंडात देतात, चार-पाच डोसांत काम होतं. तरी घरच्या मांजराला वर्षातून एक टोचलेलं बरं, हे मला पोटावर लिहून मिळालेलं ज्ञान आहे.

नीलपंख | बुधवार, सकाळी ११:३०

काका, पेरू वाचून डोळ्यांत पाणी आलं. तुमच्या वडिलांना नमस्कार.

गोंयकार | बुधवार, दुपारी २:०५

आमच्या गोव्यात कुत्र्यांचं लसीकरण किती मोठ्या प्रमाणावर झालं ते पाहिलंय. मोठी जाळी घेऊन गाडी गावात यायची, भटक्या कुत्र्याला धरून टोचायचे, डोक्यावर रंगाची खूण करून सोडायचे. घरोघरी विचारत फिरायचे. २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. त्या पथकानं आमच्या कुत्र्याला अंगणातच टोचलं, तेव्हा आईनं मांजरीलाही आणून पुढं केली. त्यांनी तिलाही टोचलं. तेव्हापासून आई दर वर्षी स्वतःच नेते.

खुरपावलं | बुधवार, दुपारी ३:१५

जुनीवहीकाकांच्या वडिलांनी १९६४ साली जे केलं तेच आजही करायचं. मांजर चावलं किंवा ओरखडून रक्त आलं तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काही नाही. त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे. सरकारी दवाखान्यात रेबीजची लस मोफत असते. रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनबद्दल (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) आपण होऊन विचारा. लक्षणं सुरू झाली की मग हातात काही राहत नाही.

परदेशी_पाखरू | बुधवार, रात्री ११:४०

जर्मनीतून लिहितेय. पुण्याहून आमचा ढब्बू इथं आणला, त्याचा अनुभव परदेशी निघालेल्यांच्या उपयोगी पडेल. युरोपात आणायचं तर आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, हाच क्रम. आमची लस आधी झाली होती, चिप नंतर. ती लस कागदोपत्री शून्य धरली आणि पुन्हा टोचावं लागलं. मग तीस दिवसांनी रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचं, त्यात संरक्षणाचं प्रमाण किमान ०.५ यायला हवं आणि रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने थांबायचं. नवरा पुढं आला, मी आणि ढब्बू पाच महिने मागं राहिलो. तिकिटाच्या आधी चिपचा विचार करा.

शेंगदाणा | गुरुवार, सकाळी ८:१०

पुण्याच्या महापालिकेनंबी २०२२ पासून मांजरांची नोंदणी सुरू केली नव्हं? त्यालाबी रेबीजचं सर्टिफिकेट लागतंय. म्हणजे कार्ड जपून ठेवायचं काम हायच.

साळुंकी | गुरुवार, रात्री ९:३०

मंडळी, काल गुंड्याला नेलं. ट्रायकॅट उजव्या पुढच्या पायात, रेबीज उजव्या मागच्या पायात, दोन्ही कार्डावर लिहून घेतलं. डॉक्टरांनी आधी ताप पाहिला, वजन केलं आणि अर्धा तास तिथंच बसवून ठेवलं. तोंडाला सूज किंवा उलट्या होताहेत का ते बघायला. काही झालं नाही. आज दिवसभर सोफ्याखाली झोपून आहे, अंग किंचित गरम वाटतंय. थोडं जेवला.

सासूबाई सोबत आल्या होत्या. जुनीवहीकाकांचा प्रतिसाद मी त्यांना वाचून दाखवला होता. परत येताना रिक्षात पिशवीवर हात ठेवून बसल्या होत्या.

लेक विचारते, नवीन पिल्लू कधी आणायचं. काय सांगू?

खुरपावलं | शुक्रवार, सकाळी ७:२०

गुंड्या एक-दोन दिवसांत उठेल. ताप वाटला म्हणून घरातलं पॅरासिटामॉल मात्र चुकूनही देऊ नका, मांजराचा जीव जातो त्यानं.

नवीन पिल्लाची घाई नको. चिंगीचं अंथरूण, लिटरचा ट्रे, खरवडायचा खांब टाकून द्या. फरशी आधी साबणानं धुवा, मग एक भाग ब्लीच आणि बत्तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवायचं आणि नंतर साध्या पाण्यानं पुसायचं. फिनाईल नको, विषाणूवर भरवसा नाही आणि मांजराला विषारी. सॅनिटायझरही याच्यावर चालत नाही. गाद्या, सोफा धुता येत नाही, म्हणून वर्षभर तरी लस न झालेलं पिल्लू त्या घरात आणू नका. सोळा आठवड्यांपुढचं, डोस पुरे झालेलं मांजर दत्तक घेतलंत तर एवढं थांबायची गरज नाही.

अंगणवेल | शुक्रवार, सकाळी १०:०५

साळुंकीताई, माझ्याकडे आठ महिन्यांची एक तिरंगी आहे. नसबंदी झालेली, डोस पूर्ण. माणसाळलेली आहे, चाळीत घाबरते. गुंड्याचा दुसरा डोस होऊन जाऊ दे, मग लेकीला घेऊन नुसतं बघायला या.

साळुंकी | शुक्रवार, सकाळी १०:११

येतो. नक्की येतो.

कातळशिल्पी | शनिवार, रात्री ८:५०

आईला फोन केला होता. तिला विचारलं, आपल्याकडे माळ्यावर पिल्लं व्हायची त्यातली किती जगायची? ती म्हणाली, चारातलं एखादं. बाकीची? तर म्हणाली, ‘पावसात जायची रे. तुम्ही शाळेतून यायच्या आधी तुझे बाबा माडाखाली पुरून यायचे. तुम्हाला सांगत होतो, मांजरीनं दुसऱ्या घरी नेली.’

मी बावन्न वर्षांचा आहे. हे मला परवा कळलं.

डॉक्टर, मी पुढच्या महिन्यात गावी जातोय. घरी सध्या तीन आहेत, त्यातली एक बहुधा गाभण. डोंबिवलीहून लस बर्फाच्या डब्यात नेली तर चालेल का?

खुरपावलं | शनिवार, रात्री ९:३५

स्वतः नेऊ नका. ही लस दोन ते आठ अंशांतच राहायला हवी, रेल्वेच्या रात्रभराच्या प्रवासात ती खराब झालेली तुम्हाला कळणारही नाही. निघण्याआधी तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात फोन करून ठेवा, ट्रायकॅट मागवायला त्यांना काही दिवस लागू शकतात. दोघांना तेव्हाच देऊन घ्या. गाभण असेल तिला ही जिवंत लस देऊ नका, पोटातल्या पिल्लांच्या मेंदूला इजा होते, ती आयुष्यभर डुगडुगत चालतात. ती विऊन पिल्लं दूध सोडू लागली की तिला द्या आणि पिल्लांना आठव्या आठवड्यापासून सुरू करा. जंताचं औषध आठवडाभर आधी.

कातळशिल्पी | शनिवार, रात्री ९:४२

लिहून घेतलं. आईला सांगतो, विली की तारीख कॅलेंडरवर लिहून ठेव म्हणून.